संघाची निवड : कांहीं ऐतिहासिक विचार

एरंडोल म्हणजे महाभारतांतील एकचक्रा नगरी, अशी आमच्या खानदेशांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली समजूत आहे. एकचक्रेचा मान सांगणारीं गांवें आपल्या देशांत आणखीही आहेत, आणि इतिहासाच्या अध्यापकानें अशा समजुतींवर फार भिस्त ठेवूं नये, हें मला कळतें. तथापि अंजनी नदीच्या कांठीं वाढलेल्या मुलाला बकासुराची गोष्ट ज्या जिव्हाळ्यानें सांगितली जाते, आणि पद्मालयाजवळचें भीमकुंड ज्या विश्वासानें दाखविलें जातें, त्यामुळें ती कथा येथें पोथींत राहत नाहीं. ती गांवची होते. या कथेंतील एका प्रसंगाकडे मात्र सांगणाऱ्यांचें व ऐकणाऱ्यांचें सारखेंच दुर्लक्ष होतें. गाडाभर अन्न घेऊन भीम निघाला व त्यानें राक्षसाला मारिलें, हें सर्वांस ठाऊक असतें. पण भीमच कां? पांच भावांतून त्याची निवड कोणी व कशी केली? निवड कुंतीनें केली, आणि ती ऐकून युधिष्ठिर रागावला. ज्याच्या बळावर आपण सारे निर्धास्त झोंपतों त्यालाच तूं संकटांत लोटतेस, असा त्याचा आक्षेप होता. कुंतीच्या उत्तराचा आशय असा कीं, ज्या घरानें आपणांस आसरा दिला त्याचें ऋण फेडावयाचें आहे, आणि भीमाचें बळ मीं त्याच्या जन्मापासून पाहिलें आहे. म्हणजे निवड करणाराला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : काम कोणतें आहे, आणि माणूस कोण आहे. बाकीचें सर्व यांतून निघतें.

हा विषय सुचण्याचें कारण अगदीं घरगुती आहे. आमच्या कॉलेजांत जिमखान्याचें काम गेलीं कांहीं वर्षें माझ्याकडे आहे. लहानपणीं खो-खो खेळण्यापलीकडे माझी क्रीडाक्षेत्रांत मजल गेली नाहीं; परंतु यादीवर सही करावयास खेळाडू असावें लागत नाहीं, वयानें वडील असलें म्हणजे पुरतें. यंदा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठीं बास्केटबॉलच्या बारा खेळाडूंची यादी करावयाची होती. आमच्या एका उत्साही सहकाऱ्यानें सूचना मांडली कीं, शहरांतून दोन उंचेपुरे, नांवाजलेले खेळाडू आणावे. त्यांच्या राहण्याजेवण्याची सोय आपण करावी. प्रवेशाचें कसें तरी जमवावें. म्हणजे करंडक आपला. या दोघांस जागा करून देण्यासाठीं आमच्या दोन मुलांचीं नांवें कमी होणार होतीं. त्यांपैकीं एकजण कपाशीच्या शेतांत मजुरी करणाऱ्या घरांतला. उंची साडेपांच फूटही नाहीं. परंतु चेंडू त्याच्या हातीं आला म्हणजे इतर चौघे आपापल्या जागीं आपोआप पोंचतात, एवढें माझ्यासारख्या अनभिज्ञालाही दिसत होतें. मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. आमचा धंदा इतिहासाचा. अडचण आली म्हणजे पूर्वीं कोणावर ती आली होती काय, हें पाहण्याची संवय. त्या आठ दिवसांत जें मनांत आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

इंग्रजींतील 'टीम' हा शब्द आज आपण मराठींतही सर्रास वापरतों. पण त्याचा जुना अर्थ थोड्यांसच ठाऊक असतो. एका जुंवाला जुंपलेलीं जनावरें, म्हणजे आपली बैलजोडी, असा तो अर्थ होय. हें कळल्यापासून मला वाटूं लागलें आहे कीं, संघ कसा निवडावा हें विद्वानांपेक्षां आमच्या शेतकऱ्यास अधिक कळतें. बैलबाजारांत तो एकटा बैल कधींच पाहत नाहीं. घरीं दावणीला असलेला दुसरा बैल त्याच्या डोळ्यांपुढें उभा असतो. नवें जनावर कितीही ताकदीचें असलें, तरी जुन्याच्या चालीला तें जुळलें नाहीं तर जूं एका बाजूस ओढलें जाईल, तास वांकडें जाईल आणि दोघांच्याही माना सोलल्या जातील, हें तो जाणतो. बळ मोजणें सोपें. जोड पाहणें अवघड.

बास्केटबॉल या खेळाचा जन्मच मुळीं या जोडीच्या प्रश्नांतून झाला, असें म्हटलें तरी चालेल. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकापुढें अठरा विद्यार्थ्यांचा एक कंटाळलेला वर्ग होता. बाहेर बर्फ, आंत कवायत, मुलांस दोन्हींचा वीट आलेला. नेस्मिथनें सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, वर्गाचे दोन भाग केले आणि नऊ विरुद्ध नऊ असा खेळ लावून दिला. त्या दिवशीं निवड अशी झालीच नाहीं. जेवढे वर्गांत होते तेवढे सारे खेळले. पुढें कांहीं वर्षांत संख्या पांचांवर आली, आणि संख्या कमी होतांच निवड आली. नऊजणांत एखाद्याचें उणेपण झांकून जातें. पांचांत तें झांकत नाहीं. टोपलीखालीं उभा राहणारा उंच, लांबून नेम साधणारा, मधून मुसंडी मारणारा, प्रतिपक्षाच्या उत्तम खेळाडूस अडविणारा, आणि चेंडू पुढें नेऊन या चौघांस कामाला लावणारा, असे पांच निरनिराळे गुण येथें लागतात. पांचही भीम घेतले तर टोपलीखालीं गर्दी होईल, आणि चेंडू तेथवर पोंचणारच नाहीं. पांडव पांच होते व पांचही निराळे होते, यांत व्यासांची केवढी दृष्टि होती, हें मला या खेळाच्या निमित्तानें समजलें!

परंतु गुणांची जोड पाहणें हें निवडीचें अर्धेंच काम. निवड कोणांतून करावयाची, ही तिची दुसरी व अधिक बिकट बाजू. यादीवर अकरा किंवा पांच नांवें लिहिण्यापूर्वीं निवड करणाराच्या मनांत एक कुंपण घातलेलें असतें. कुंपणाबाहेरच्या माणसाकडे त्याची नजर जातच नाहीं. हें कुंपण कोठें होतें, कसें हललें आणि कोणामुळें हललें, याचा इतिहास महाराष्ट्रांत क्रिकेटच्या मैदानावर लिहिला गेला आहे.

बाळू पालवणकर यांचा जन्म धारवाडचा. वडील लष्करांत नोकरीला. जात चर्मकार, म्हणजे त्या काळच्या हिशेबानें अस्पृश्य. पुण्यांत पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबांत खेळपट्टी झाडण्याचें व तिच्यावर रूळ फिरविण्याचें काम त्यांस मिळालें. पगार दरमहा तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबांत गेले, आणि पगार चार रुपये झाला. जाळीं लावणें, खेळपट्टीची निगा राखणें आणि साहेबांस सरावासाठीं चेंडू टाकणें, हें त्यांचें काम. त्यांच्या डाव्या हातांतील करामत प्रथम ओळखली ती ग्रेग नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें. हा त्या क्लबांतील उत्तम फलंदाज. तो इतरांच्या आधीं येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करी. अशा रीतीनें साहेबाची फलंदाजी सुधारली, आणि बाळूंची गोलंदाजी घडली. पण त्या क्लबांत बाळूंच्या हातीं बॅट म्हणून कोणी दिली नाहीं. फलंदाजी हा धन्याचा मान आणि गोलंदाजी हें चाकराचें काम, अशी ती वांटणी होती.

पुण्यांतील हिंदूंच्या क्लबास युरोपियनांस हरवावयाचें होतें, आणि ज्याच्यापुढें युरोपियन रोज सराव करीत तो माणूस हाकेच्या अंतरावर होता. त्याला संघांत घ्यावें कीं न घ्यावें, यावर सभासदांत दुफळी माजली. शेवटीं घेतलें, पण कसें? मैदानावर तो सर्वांबरोबर. चहाच्या वेळीं मात्र तो मंडपाबाहेर, आणि त्याचा चहा मातीच्या भांड्यांत. जो चेंडू बाळूंच्या हातांतून गेला तो उचलतांना कोणाला विटाळ झाला नाहीं. विटाळ झाला तो चहाच्या कपाला! कुंपण एका बाजूनें मोडलें व दुसऱ्या बाजूनें तेथल्या तेथेंच पुन्हा उभारलें. तरी पण न्यायाचें बोलावयाचें तर, याच पुण्यांत बाळूंचा जाहीर गौरवही झाला. समाज एका तोंडानें बोलत नसतो, याचें हें एक उदाहरण समजावें.

प्लेगच्या सुमारास पालवणकर कुटुंब मुंबईस आलें. बाळूंना रेल्वेंत नोकरी मिळाली, आणि परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्याच्या संघांत जागाही मिळाली. नोकरी देऊन खेळाडू मिळविण्याची जी रीत आज सर्वत्र दिसते तिचें हें एक जुनें रूप होय. त्यांचे धाकटे बंधु शिवराम हेही उत्तम खेळाडू निघाले. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदु व युरोपियन यांचा सामना झाला, त्या वेळीं दोघेही संघांत होते. हिंदूंनीं पहिल्या डावांत २४२ धावा केल्या, युरोपियनांनीं १९१. दुसऱ्या डावांत हिंदु १६० मध्यें आटोपले. जिंकावयास २१२ धावा हव्या असतां युरोपियनांचा डाव १०२ वर कोसळला आणि १०९ धावांनीं हिंदूंचा जय झाला. बाळूंनीं दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. बंगालच्या फाळणीनंतरचे ते दिवस. या जयाचा अर्थ लोकांनीं मैदानापुरता घेतला नाहीं. एवढी गोष्ट मात्र निर्विवाद झाली कीं, ज्याला दूर ठेवण्यांत पुष्कळांस धर्म वाटत होता त्याला जवळ केल्यावांचून जय मिळत नव्हता.

१९११ सालीं हिंदुस्थानचा म्हणून पहिला क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. या संघाची घडण निवडीच्या अभ्यासकास फार बोधप्रद आहे. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. त्यांच्याखेरीज सहा पारशी, पांच हिंदु व तीन मुसलमान. आंकड्यांकडे नजर टाकतांच ध्यानांत येतें कीं, ही गुणांची यादी होती तितकीच ती वांटपाचीही होती. प्रत्येक समाजाला त्याचा वांटा, आणि राजाला राजाचा मान. वांटप हें नेहमींच वाईट असतें असें मी म्हणत नाहीं. ज्या देशांतील समाज एकमेकांच्या घरीं जेवत नव्हते त्या देशाचा संघ एका बोटीवर चढला, हेंच थोडें नव्हतें. परंतु वांटपानें माणसें एकत्र येतात. जोड जमतेच असें नाहीं. महाराजांचा बहुतेक काळ मेजवान्या व दरबारी भेटीगांठी यांत गेला, आणि कर्णधारावांचून संघ गांवोगांव खेळत राहिला. एकंदर २३ सामन्यांत ६ जय, १५ पराजय व २ अनिर्णीत, असा हिशेब आहे. या अपयशांत दोघे भाऊ उजळून निघाले. बाळूंनीं त्या दौऱ्यांत ११४ बळी घेतले. टॉन्टन येथें सॉमरसेट परगण्याविरुद्ध शिवराम शतक काढून नाबाद राहिले, आणि एक गडी राखून हिंदी संघ विजयी झाला. इंग्लंडला जातांना ज्यांचीं नांवें यादींत कोठें तरी होतीं, परत येतांना तीं सर्वांच्या तोंडीं होतीं.

असें असूनही हिंदु संघाचें नेतृत्व बाळूंकडे कधीं आलें नाहीं. गुणी माणसाला संघांत घेणें ही एक पायरी. त्याच्या आज्ञेंत खेळणें ही दुसरी. आणि या दोन पायऱ्यांमध्यें केवढी उंची असते हें १९२० सालीं दिसून आलें. त्या वर्षींच्या चौरंगी सामन्यांत बाळूंना संघांतून वगळण्यांत आलें. नियोजित कर्णधार पै हे आजारी पडले, तेव्हां कर्णधारपद देवधरांकडे गेलें. शिवराम आणि त्यांचे बंधु विठ्ठल या दोघांनीं आपलीं नांवें काढून घेतलीं आणि कारण जाहीरपणें सांगितलें : खेळाच्या मैदानावर जातीचा विचार चालतो, हें त्यांचें गाऱ्हाणें होतें. लोकमत त्यांच्या बाजूनें झुकलें. अंतिम सामन्यासाठीं बाळूंना परत बोलाविलें, उपकर्णधार केलें. आणि खेळ चालू असतां पै स्वतः मैदान सोडून आंत गेले. कर्णधार आंत गेला म्हणजे उपकर्णधाराची आज्ञा चालते, हा नियम सर्वांस ठाऊक होता. समितीला जें करवलें नाहीं तें एका गृहस्थानें न बोलतां करून दाखविलें. पुढें १९२३ सालीं विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले, आणि त्या वर्षीं चौरंगी सामने हिंदूंनीं जिंकले. तीन रुपयांच्या नोकरीपासून कर्णधारपदापर्यंत येण्यास एका कुटुंबाला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. आणि ज्यानें वाट पाडली त्याला ती चालावयास मिळाली नाहीं, धाकट्या भावाला मिळाली.

येथें जातीचें कुंपण हललें. पण धर्माचें कुंपण तसेंच होतें. हिंदु, मुसलमान, पारशी, युरोपियन अशीच त्या सामन्यांची वांटणी होती, आणि १९३७ सालीं उरलेल्यांचा म्हणून पांचवा संघ त्यांत आला. विजय हजारे हे सांगलीचे, मराठी घरांतले, धर्मानें ख्रिस्ती. त्यामुळें १९४३ सालच्या पंचरंगी सामन्यांत ते या उरलेल्यांकडून खेळले, आणि हिंदूंविरुद्धच्या अंतिम सामन्यांत संघाच्या ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. संघाचा तोल म्हणजे काय, हें शिकविण्यासाठीं याहून बोलका आंकडा मला दुसरा सांपडला नाहीं. एका माणसानें एवढें करूनही तो सामना उरलेल्यांनीं गमावला. हे पंचरंगी सामने १९४६ सालीं बंद पडले, तें योग्यच झालें.

याच हजाऱ्यांना निराळ्या कुंपणाच्या आंत जागा देणारा एक संघ मात्र त्यापूर्वींच उभा राहिला होता. १९३४-३५ पासून रणजी करंडकाचे सामने सुरू झाले, आणि त्यांत संघ धर्मावरून नव्हे तर प्रांतावरून ठरूं लागले. महाराष्ट्राच्या संघाचे कर्णधार दिनकर बळवंत देवधर. पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजांत संस्कृताचे प्राध्यापक. १९२० सालीं ज्यांच्याकडे वादग्रस्त परिस्थितींत कर्णधारपद आलें तेच हे देवधर. वीस वर्षांनंतर त्यांनीं जो संघ बांधला त्यांत हजारे होते, रंगा सोहोनी होते, चंदू सरवटे होते. सर्व पुण्याचे नव्हते. सरवटे तर सागरचे. परंतु ही मुलें घडलेलीं नव्हतीं, घडत होतीं. आणि त्यांच्या मध्यभागीं पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेला एक प्राध्यापक स्वतः बॅट घेऊन उभा होता. १९३९-४० सालीं पुण्यांत बडोद्याविरुद्ध हजाऱ्यांनीं नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी सामन्यांतील तें पहिलें त्रिशतक. त्या वर्षीं करंडक महाराष्ट्राचा झाला. पुढच्याच वर्षीं मुंबईविरुद्ध महाराष्ट्रानें ६७५ धावा केल्या, त्यांत देवधरांच्या २४६. मुंबईनेंही ६५० पर्यंत पिच्छा पुरविला. आणि करंडक पुन्हा महाराष्ट्राकडेच राहिला. तरुणांचे पाय आणि वडिलांचें डोकें यांची ती जोड होती.

त्यानंतर काय झालें, तें आमच्या सहकाऱ्याच्या सूचनेशीं अगदीं जुळतें, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. १९४१-४२ पासून हजारे बडोद्याकडून खेळूं लागले. संस्थानांजवळ पैसा होता, लष्करांतील हुद्दे होते, आणि क्रिकेटची हौस होती. इंदूरच्या होळकरांनीं हा मार्ग कधींच धरला होता. नागपूरचे सी. के. नायडू, हिस्लॉप कॉलेजचे विद्यार्थी, १९२३ सालीं तुकोजीराव होळकरांच्या बोलावण्यावरून इंदुरास गेले व होळकरांच्या फौजेंत कॅप्टन झाले. पुढें यशवंतराव होळकरांच्या अमदानींत त्यांच्याभोंवतीं मुश्ताक अली, हिरालाल गायकवाड, सरवटे, खंडू रांगणेकर अशी मंडळी जमली. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यांत तर लष्करी कामगिरीवर महू येथें असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला व नाबाद २४९ धावा काढून राहिला. तरीही मुंबईनें ३७४ धावांनीं सामना जिंकला. पुढच्या वर्षीं म्हैसूरविरुद्ध होळकर संघाच्या सहाजणांनीं एकाच डावांत शतकें काढलीं, आणि करंडक इंदुरास गेला. एकंदर चार वेळां तो तेथें गेला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३. मध्यंतरीं १९४६-४७ सालीं बडोद्यानें याच होळकर संघास हरविलें, त्या सामन्यांत हजारे व गुल महंमद यांनीं एका जोडींत ५७७ धावा केल्या.

या संस्थानी संघांस केवळ विकत घेतलेले संघ म्हणून हिणविणें अन्यायाचें होईल. नायडूंची शिस्त कडक होती. त्यांच्या हाताखालीं तरुण घडले. आणि ज्यांना दुसरा आधार नव्हता अशा गुणी खेळाडूंना संस्थानांनीं पोट भरण्याची चिंता राहूं दिली नाहीं. बाळूंना तीन रुपयांवर राबविणाऱ्या जगापेक्षां हें जग निःसंशय बरें. परंतु एक प्रश्न राहतोच. संस्थानें विलीन झालीं, आणि १९५५ नंतर होळकर नांवाचा संघ मैदानावर दिसला नाहीं. ज्या थैलीनें संघ जमविला ती बंद होतांच संघही संपला. उलट, देवधरांचा संघ मोडला तो बाहेरच्या बोलावण्यानें. पण मुलें घडविण्याची जी रीत त्या प्राध्यापकानें पाडली ती त्याच्या संघाबरोबर मोडली नाहीं. त्यांचें नांव १९७३-७४ मध्यें सुरू झालेल्या एका करंडकाला मिळालें, आणि १९९३ सालीं, वयाच्या १०२ व्या वर्षीं, ते वारले. दुसऱ्यानें घडविलेला खेळाडू आपण आणूं शकतों. पण कोणी तरी, कोठें तरी, तो आधीं घडवावा लागतो. सर्वांनींच आणावयाचें ठरविलें तर घडवावयाचें कोणीं?

आतां एक कबुली. पुष्कळ वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका कॉलेजांत मी नवा असतां, अशीच एक यादी माझ्या हातीं होती. सामने परगांवीं होते. मुलांना एका खोलींत राहावयाचें व एका पंक्तीस जेवावयाचें होतें. एका मुलाच्या संबंधांत इतरांची कुजबुज माझ्या कानावर आली. मुलगा खेळांत कोणाहूनही कमी नव्हता. कमी होती ती त्याच्या आडनांवाची प्रतिष्ठा. प्रवासांत कटकट नको, एवढाच विचार मीं केला आणि त्याच्या नांवावर पेन्सिल फिरविली. कारणाच्या रकान्यांत मीं 'शिस्त' हा शब्द लिहिला. दुसऱ्या दिवशीं त्यानें आपला सदरा धुऊन, घडी करून माझ्या टेबलावर आणून ठेविला. तो कांहीं बोलला नाहीं. मीही बोललों नाहीं. वर्गांत पालवणकर बंधूंची हकीकत मी दरवर्षीं मोठ्या आवेशानें सांगतों, आणि मातीच्या भांड्याचा उल्लेख आला म्हणजे मुलें संतापतात. त्या वेळीं ती घडी केलेली वस्तु माझ्या डोळ्यांपुढें येते. पुण्याच्या त्या क्लबानें निदान बाळूंना खेळूं दिलें होतें. मीं तेवढेंही केलें नव्हतें.

आठ दिवस संपले तेव्हां समितीपुढें मीं तीन गोष्टी ठेविल्या. पहिली ही कीं, शहरांतील मुलांना येथें शिकावयाचें असेल तर त्यांनीं खुशाल यावें, इतरांप्रमाणें प्रवेश घ्यावा आणि इतरांप्रमाणें चांचणीस उभें राहावें. त्यांच्यासाठीं आधीं जागा मोकळी करूं नये, आणि नंतर अडवूंही नये. कारण परगांवचा म्हणून बाहेर ठेवणें हेंही एक कुंपणच आहे. दुसरी ही कीं, राहण्याजेवण्याची सोय करावयाची असेल तर ती प्रथम आमच्या त्या मुलांची करावी, ज्यांना संध्याकाळीं सराव सोडून शेवटची एस. टी. गांठावी लागते. तिसरी ही कीं, ज्याचें नांव यादींतून कमी होईल त्याचें खरें कारण त्याच्या समक्ष सांगावें. जें कारण तोंडावर सांगण्याची आपणांस लाज वाटेल तें कारणच नव्हे. यावर बराच वाद झाला. आपण धर्मशाळा चालवितों कीं संघ, असा प्रश्न एकानें विचारला. तो कांहीं अगदींच गैर नव्हता. करंडकाची इच्छा असणें हा गुन्हा नाहीं. युधिष्ठिराचा आक्षेपही खोटा नव्हताच.

अखेर तिन्ही गोष्टी मान्य झाल्या. शहरांतील दोघांपैकीं एकजण आला, चांचणींत उतरला व संघांत आहे. दुसऱ्याला दुसरीकडे अधिक चांगली सोय मिळाली. तो कपाशीवाल्या घरांतला ठेंगणा मुलगाही यादींत आहे; दयेनें नव्हे, तर चेंडू पुढें नेणारा दुसरा कोणी आमच्याजवळ नाहीं म्हणून. नवा उंच मुलगा टोपलीखालीं उभा राहून हात वर करतो, आणि चेंडू नेमका त्या हातांत येऊन पडतो. पहिल्या आठवड्यांत दोघे एकमेकांशीं बोलत नसत. परवां सराव संपल्यावर मैदानाच्या कडेच्या टपरीवर एकाच कपांतला चहा दोघे अर्धा अर्धा पीत असलेले मीं पाहिले. त्यांना यांत विशेष असें कांहीं वाटलें नसेल. मला मात्र तेथें थोडा वेळ थांबावेंसें वाटलें.